आठ माणसांचा चौकोन

२ मार्च, सोमवार

ही वही कंपनीने दिली आहे. जाड पुठ्ठा, मधे रिबन, आणि पहिल्याच पानावर छापलेलं, 'बदलाच्या प्रवासातले तुमचे विचार'. नऊ जणांना नऊ वह्या वाटल्या. बाकीच्या आठांनी त्या ड्रॉवरमध्ये टाकल्या असतील, मला मात्र कोरी वही दिसली की हात शिवशिवतात. शिवाय आज जे सांगितलं ते कुणाला सांगायचं नाही असा कागद सही करून घेतला आहे, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. वही म्हणजे 'कुणी' नव्हे, असं मी ठरवून टाकलं.

तर माझं काम असं. कंपनीत कोण कोणाच्या हाताखाली, याचा एक अवाढव्य तक्ता आहे. प्रत्येक माणूस म्हणजे एक चौकोन, चौकोनातून खाली रेघा, रेघांना आणखी चौकोन. असे सहा हजार चारशे चौकोन मी सांभाळते. कोणी आलं की जोडायचा, कोणी गेलं की काढायचा. लोक मला तक्तेवाली म्हणतात. पाच वर्षं मी हे तिसऱ्या मजल्यावर खांबाआड बसून केलं. आज पहिल्यांदा बाराव्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत बोलावणं आलं.

तिथे मॅडम होत्या. खरं तर आमच्याकडे सर-मॅडम म्हणायला मनाई आहे. सगळे समान, सगळ्यांना एकेरी हाक. तरी वरपासून खालपर्यंत अकरा थर आहेत. म्हणून मी तोंडाने 'तू' म्हणते आणि वहीत मॅडम लिहिते. त्या म्हणाल्या, "अकराचे सहा थर करायचे आहेत. प्रोजेक्टचं नाव 'फेदर'. पक्ष्याची जुनी पिसं आपोआप गळतात आणि तो हलका होतो, तसं." आणि मग माझ्याकडे बघून, "तक्ता तुझ्याइतका कोणालाच माहीत नाही."

खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं.

घरी बाबांना एवढंच सांगितलं, की नवा प्रोजेक्ट आहे, पिसाच्या नावाचा. बाबांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "कोणाची उपटायची आहेत?" सारा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला त्यांचा, कंपनीचा कारभार त्यांना काय कळणार.

४ मार्च, बुधवार

पहिला नियम आला. ज्या मॅनेजरखाली आठपेक्षा कमी माणसं, त्याचा चौकोन पिवळा करायचा. पिवळा म्हणजे 'तपासणीत'. पुढे काय होणार ते आम्हा नऊ जणांनाही सांगितलेलं नाही. दुपारपर्यंत दोनशे दहा पिवळे झाले. दोनशे अकरावा, शेवटचा, बाईंचा निघाला.

बाई म्हणजे शाळेतल्या नव्हेत. पण कोणाचीही ईमेल आली की आधी तिच्यातले स्वल्पविराम दुरुस्त करतात आणि मग उत्तर देतात, म्हणून सगळी कंपनी त्यांना बाई म्हणते. एकेरी हाकेच्या नियमातून त्या एकट्याच सुटल्या आहेत. लोक पासवर्ड विसरतात, फोन हरवतात, आणि तरी आपल्या खात्यात परत शिरू शकतात, ती जुनी यंत्रणा बाईंनी बावीस वर्षांपूर्वी लिहिली. अजून त्याच सांभाळतात. हाताखाली चार माणसं.

नऊ वर्षांपूर्वी मी तीन महिन्यांसाठी नुसती माहिती भरायला आले होते. दुसऱ्याच आठवड्यात मी चारशे लोकांचे पत्ते एकमेकांत मिसळून टाकले आणि रडत बाईंकडे गेले. त्यांनी वर लिहून पाठवलं, 'ही मुलगी चुका करते, पण लपवत नाही. हिला कायम करावं.' त्या एका ओळीवर माझी नोकरी उभी आहे.

त्यांचा चौकोन पिवळा करायचा होता. केला.

८ मार्च, रविवार

बाईंकडे जाऊन आले. महिन्यातून एकदा जातेच, उगाच काही वेगळं वाटू नये म्हणून आजही गेले. काका, म्हणजे बाईंचे यजमान, खिडकीपाशी खुर्चीत होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक एका काचेसाठी येऊन तासभर गप्पा ऐकून जायचं. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि सगळी भाषाच पुसली गेली. ऑफिसच्या विम्यातून वाचा शिकवणारी एक मुलगी आठवड्यातून तीनदा येते. आतापर्यंत सतरा शब्द परत आलेत. बाईंनी फ्रिजवर यादी लावली आहे. सतरावा शब्द आहे 'बस'.

मी दारात दिसताच काका म्हणाले, "बस."

"बसायला सांगतायत," बाई आतून म्हणाल्या.

मी त्यांना पाणी दिलं. दोन घोट झाल्यावर म्हणाले, "बस."

"आता पुरे म्हणतायत." बाई हसल्या. "एकाच शब्दावर दोन कामं टाकलीत. अगदी आपल्या कंपनीसारखं."

"तुम्हांला कसं कळतं कुठलं कुठलं?"

"अगं, तीस वर्षं ऐकतेय या माणसाला. शब्द गेले म्हणून सूर थोडाच गेला?"

निघताना जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, शिकवणारी मुलगी सांगते की आत्ता खंड पडला तर आलेले शब्दही जातील. सहज सांगितलं, हवापाण्यासारखं. मी रस्ताभर तेच डोक्यात घोळवत आले. बाईंना काही होऊ द्यायचं नाही. तक्ता माझ्या हातात आहे.

११ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत बाई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. डबा उघडला आणि डब्यातच बघत म्हणाल्या, "तू काही सांगू नकोस, मी काही विचारत नाही. फक्त माझ्याकडची चार माणसं काढ आणि दुसऱ्या कुणाखाली जोड. मला नुसतं कोड लिहायला बसव."

"अहो बाई, बावीस वर्षांनंतर?"

"बावीस वर्षांनंतरच. हलकं होण्याचे असे दोन कार्यक्रम मी पाहिलेत. आधी चौकोन मोजतात, मग थर. काम करणारे हात कधी मोजत नाहीत."

मला त्यांचा हात धरावासा वाटला. एवढी मोठी बाई, आपणहून पायरी खाली उतरायला तयार. माझी कुचंबणा होऊ नये म्हणून! स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही हो या बाईने. मी म्हटलं, "तुम्ही काळजी करू नका, मी आहे ना." त्या काहीतरी बोलणार होत्या, पण शेजारी कोणीतरी ट्रे घेऊन आलं.

रात्री जेवताना बाबांना विचारलं, की समजा एखाद्याने मान नको म्हटलं तर?

"त्याने नको म्हटलं ना? मग नको."

"पण तो संकोचाने म्हणत असेल तर?"

"मग त्यालाच विचार की, संकोच आहे का म्हणून. मला काय विचारतेस?"

बाबांशी काही बोलायची सोय नाही.

१३ मार्च, शुक्रवार

बाईंची ईमेल. दोनच ओळी. 'परवा मी जे बोलले, ते संकोचाने नव्हे. माझ्याखाली कुणीही नको, ही विनंती.' एवढ्या घालमेलीतही स्वल्पविराम जागच्या जागी! मी उत्तरात हसरा चेहरा पाठवला. नियम सांगता येत नाही, नाहीतर त्यांना किती धीर आला असता.

१७ मार्च, मंगळवार

जमलं!

बाईंच्या शेजारच्या टीममध्ये एका मॅनेजरखाली चौदा माणसं आहेत. त्यातले चौघे तपासनीस, प्रोग्रॅम चालतो की नाही ते बघणारे. बाईंच्या यंत्रणेचंही तेच बघतात. त्यांची रेघ उचलली आणि बाईंना जोडली. चार आणि चार आठ. बाहेर फारसं काही बदलत नाही, चौघे बसतात तिथेच बसणार. कारण म्हणून 'कामाची सोय' असं लिहिलं. अशा सोयी मी महिन्याला पन्नास करते, कोण बघतं?

पिवळा चौकोन डोळ्यांदेखत पांढरा झाला. माझा जीव भांड्यात पडला. पाच वर्षांत या तक्त्याने पहिल्यांदा माझं ऐकलं.

संध्याकाळी बाई जिन्यात भेटल्या. चौघांची नावं त्यांना दिसली असणार. मी नुसती हसले. त्या थांबून म्हणाल्या, "अगं, हे मागे घेता येतं का?" मी म्हटलं, "आता निश्चिंत राहा." त्यांना उशीर होत होता, काकांकडे सहापर्यंतच माणूस असतो. भराभर उतरून गेल्या.

२० मार्च, शुक्रवार

मॅडमनी पाठ थोपटली. खरोखर, खांद्यावर हात ठेवून. पिवळ्यांचं काय होणार असं मी भीतभीत विचारलं. म्हणाल्या, "पिवळ्यांची काळजी नको. काम करणारे हात आपल्याला हवेतच. संख्या ही नुसती पहिली चाळणी."

म्हणजे पिवळेही सुरक्षित! बाई तर पांढऱ्या, त्यांना कोण हात लावतो. मग निघता निघता मॅडम म्हणाल्या, की नव्या रचनेत मीही खांबाआड नसेन. एक थर वर, बाराव्या मजल्यावर. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "लिफ्टचा दोर तपासत जा अधूनमधून." पण त्यांनी शेजाऱ्यांना सांगितल्याचं मी ऐकलं.

२७ मार्च, शुक्रवार

सावकाश लिहायला हवं, नाहीतर मी काहीतरी वगळीन.

सकाळी यादी आली. दुसरा नियम: सहावा ते दहावा, हे पाच थर पूर्ण काढायचे. या थरांतला प्रत्येक मॅनेजर मंगळवारी जाणार. एकशे साठ नावं. बाई सातव्या थरात. नाव त्रेचाळिसावं.

मी लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही, नऊ मजले चढून गेले. मॅडम कॉफीचा कप हातात घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाईंचं नाव आहे यात. तू म्हणाली होतीस हात हवेत."

"हवेतच," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर ज्यांच्याकडे आठपेक्षा कमी माणसं होती, ते सगळे मॅनेजर आपण साधे इंजिनिअर करून कामावर परत बसवले. दोनशे दहा माणसं वाचली. पण ही तर आठ जणांची मॅनेजर. आठ माणसं सांभाळणारी स्वतः कोड लिहीत नसते, असं आपण धरलंय."

मी तो आकडा पुटपुटले. दोनशे दहा. दोनशे अकरावा मी पुसला होता.

मॅडम खिडकीपासून माझ्याकडे वळल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "तक्त्यात काही चूक आहे का? कोणी रेघा हलवल्यात का? असतील तर आत्ता सांग. दुपारी यादी बंद होईल."

इथे मी काय केलं ते लिहायचं आहे.

माझ्या तोंडाशी आलं होतं. हलवल्या, मी हलवल्या, त्या चौघांना परत पाठवा, बाईंचा चौकोन पिवळा करा. एवढंच बोलायचं होतं. पण मॅडमच्या मागे काचेपलीकडे एक मोकळं टेबल दिसत होतं, खुर्चीवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं, आणि ते माझं होतं. शिवाय सही केलेला कागद. तक्त्यात ढवळाढवळ करणाऱ्याचं काय होतं ते त्यात तिसऱ्याच कलमात लिहिलं होतं.

मी म्हटलं, "नाही. तक्ता बरोबर आहे."

खाली येऊन दुपारपर्यंत घड्याळाकडे बघत बसले. अजून वेळ आहे, अजून वेळ आहे, असं. मग यादी बंद झाली.

३१ मार्च, मंगळवार

प्रत्येकाला पंधरा मिनिटांचं बोलावणं होतं. कॅलेंडरवर नाव होतं 'संवाद'. बाईंचं अकरा वाजून दहा मिनिटांनी. अकरा सव्वीसला माझ्याकडे सूचना आली, चौकोन काढा.

चौकोन काढायचा म्हटलं की तक्ता दोन प्रश्न विचारतो. मी ते हजारो वेळा पाहिलेत. पहिला: हा चौकोन नक्की काढायचा का? दुसरा: याखालची आठ माणसं कुठे जोडायची?

आठ. माझीच आठ.

मी दोन्हींना उत्तरं दिली. चौकोन करडा झाला, मग नाहीसा झाला, आणि आजूबाजूचे चौकोन सरकून त्या जागेवर आले. तक्त्यात रिकामी जागा राहत नाही. याचं मला पूर्वी कौतुक वाटायचं.

खिडकीतून बाई दिसल्या, फाटकाकडे जाताना. एका हातात खुर्चीवरची उशी, दुसऱ्या हातात कप. बावीस वर्षांचं सामान एवढंच. रखवालदाराने त्यांचं ओळखपत्र मागितलं तेव्हा उशी बगलेत धरून त्यांनी ते गळ्यातून काढलं आणि दोरी नीट गुंडाळून दिली. मी खाली जायला हवं होतं. मी संडासात जाऊन दार लावून बसले.

विमा पुढच्या महिनाअखेरपर्यंत चालतो. कागदपत्रं मीच पाठवते, म्हणून माहीत आहे.

२ एप्रिल, गुरुवार

नवा तक्ता जाहीर झाला. सहा थर. सगळ्यांना दाखवायला मोठ्या पडद्यावर लावला आणि टाळ्या झाल्या. बाराव्या मजल्यावरच्या खुर्चीचं प्लॅस्टिक मी अजून काढलेलं नाही, बसलं की आवाज होतो. बाबांनी विचारलं, "कसं वाटतं वर?" मला रडू आलं. ते घाबरले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, कागदावरची सही गेली खड्ड्यात.

बाबांनी पेपराची घडी करून बाजूला ठेवली. नेहमीसारखा टोमणा मारतील तर बरं, असं वाटत होतं. शेवटी म्हणाले, "तिला सांगितलंस?"

"त्यांना आधीच कळलं असेल."

"ते सोड. तू सांगितलंस का?"

५ एप्रिल, रविवार

गेले.

दार बाईंनीच उघडलं. केस धुतलेले, घरातलाच जुना गाऊन. मला वाटलं होतं घर बदललेलं दिसेल, पण सगळं तसंच होतं. फ्रिजवरची यादी एकोणीस शब्दांवर गेली होती. यादीच्या शेजारी नवा कागद होता, त्यावर तोंडाच्या व्यायामांची चित्रं, बाईंच्या अक्षरात सूचना. शिकवणाऱ्या मुलीकडून त्या आता स्वतःच शिकून घेत होत्या. महिनाअखेरच्या तारखेभोवती लाल गोल केला होता.

मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. बसले असते तर बोलले नसते. म्हटलं, "बाई, ती चार माणसं मी तुमच्याखाली जोडली. नसती जोडली तर तुम्ही वाचला असता. मला वाटलं आठ झाली की तुम्ही वाचाल."

"माहीत आहे गं," बाई म्हणाल्या. चहाचं आधण ठेवत होत्या. "नावं आली त्याच दिवशी कळलं. तक्ता दुसरं कोण हलवणार? दोनदा सांगितलं होतं मी तुला. जिन्यातलं धरलं तर तीनदा."

"हो."

"तुला वाटलं, बाई उगाच नको नको म्हणतात."

"हो."

"असू दे." त्यांनी आधणात साखर टाकली. आवाजात राग नव्हता. "वेडेपणा केलास, पण माझ्यासाठी केलास. चूकच ती. चुका तू पहिल्यापासून करतेस." आणि थोडं हसून म्हणाल्या, "लपवत नाहीस, हे खरं."

तिथेच थांबता आलं असतं. त्यांनी मला माफ करून टाकलं होतं, चहा उकळत होता. मला कप घेऊन, डोळे पुसून, घरी येता आलं असतं.

मी म्हटलं, "लपवली."

त्यांनी वळून पाहिलं.

मग मी सांगितलं. शुक्रवारची सकाळ, मॅडमनी विचारलेला प्रश्न, शब्द न् शब्द. यादी बंद व्हायला तीन तास होते हेही सांगितलं. मी 'नाही' म्हटलं हे सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं.

बाईंनी हातातला चमचा ओट्यावर ठेवला, तो सरळ केला. चहा उतू जायला लागला. त्यांनी गॅस बंद केला आणि माझ्याकडे पाठ करून तशाच उभ्या राहिल्या. त्यांची पाठ मी नऊ वर्षं बघतेय, पडद्यासमोर वाकलेली. अशी ताठ कधी पाहिली नव्हती.

खिडकीपाशी काका होते. इतका वेळ ते आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना काय समजलं, किती समजलं, मला माहीत नाही. त्यांनी उजवा हात खुर्चीवरून थोडा उचलला आणि माझ्याकडे बघत म्हणाले,

"बस."

मी बाईंकडे पाहिलं. त्या नेहमी सांगतात कुठला तो.

काका पुन्हा म्हणाले, "बस."

बाईंनी सांगितलं नाही. मी दाराशी उभी होते, किती वेळ ते आठवत नाही. मग चपला घातल्या.